‘समाजसेवा म्हणजे रिकामपणचे उद्योग’: एका फिरत्या मजकुराला उत्तर

गेले काही दिवस एक मजकूर पुन्हा पुन्हा माझ्यापर्यंत येतो आहे. पाठवणारा दर वेळी वेगळा, शब्द तेच. सांगणं थोडक्यात असं: संस्थांमध्ये फुकट काम करणारे लोक खरं तर स्वतःसाठीच तिथे जातात. कुणाला मनाचं समाधान हवं असतं, कुणाला प्रमाणपत्र, कुणाला फोटो. उरलेले रिकामटेकडे. फुकटच्या कामाला दर्जा नसतो, म्हणून पैसे देऊन माणसं ठेवा, नाहीतर विद्यार्थ्यांना सक्ती करा. आणि ज्याला खरोखर मदत करायची आहे त्याने वेळ घालवण्यापेक्षा पैसे द्यावेत. शेवटचं वाक्य ठसक्यात आहे: ‘निःस्वार्थ असं काही नसतं.’

मी नऊ वर्षं एका लहानशा संस्थेत स्वयंसेवकांच्या पाळ्या लावते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवायची, परीक्षेत त्यांचे लेखनिक म्हणून बसायचं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेऊन आणायचं, अशी आमची कामं. कोण आलं, कुणी दुसऱ्याच आठवड्यात दांडी मारली, कोण वर्षानुवर्षं येत राहिलं, हे सगळं माझ्या नोंदवहीत असतं. त्यामुळे हा मजकूर वाचून राग आला, हे लपवत नाही. पण नुसत्या रागाने काही सिद्ध होत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘समाधान मिळतं ना? मग तो स्वार्थच.’

बाकीचे सगळे मुद्दे या एका खुंटीवर टांगलेले आहेत, म्हणून इथे जरा थांबावं लागेल.

तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी आई रात्रभर बसते, कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवते. पहाटे ताप उतरतो आणि तिला हायसं वाटतं. हे हायसं वाटणं तिला मिळालं, यात शंका नाही. पण ते मिळावं म्हणून ती रात्रभर बसली होती का? ताप उतरल्यावर तिला बरं वाटलं, कारण पोर बरं व्हावं अशी तिची आधीपासून इच्छा होती. ती इच्छा नसती, तर ताप उतरण्याने तिला काहीच वाटलं नसतं. म्हणजे दुसऱ्याचं भलं व्हावं ही ओढ आधी, आणि समाधान त्या ओढीच्या पोटी. मजकूर हा क्रम उलटा करतो. कामातून काहीतरी मिळालं, एवढ्यावरून ‘त्याच्यासाठीच केलं’ असा निष्कर्ष काढतो.

शिवाय या दाव्याला कुठलाच पुरावा खोटा पाडू शकत नाही. एखादा माणूस आनंदाने आला तर आनंदासाठी आला, कंटाळत आला तर अपराधी वाटू नये म्हणून आला, जीव धोक्यात घालून आला तर नावासाठी आला. काहीही घडलं तरी जे खरंच ठरतं, ते माणसाविषयी आपल्याला काही सांगत नाही.

तरीही हा प्रश्न तपासता येतो, आणि तपासला गेला आहे. डॅनियल बॅट्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना पडद्यावर एक तरुणी दिसते. तिला विजेचे झटके बसत आहेत असं त्यांना सांगितलेलं असतं (प्रत्यक्षात ते नाटक होतं). तिच्या जागी आपण बसण्याची तयारी त्या दाखवतात का, हे पाहायचं होतं. काहीजणींना सांगितलं, झटक्यांच्या पहिल्या दोन फेऱ्या पाहिल्यात की निघून जायला मोकळ्या. काहीजणींना शेवटपर्यंत पाहावंच लागणार होतं. आता विचार करा. आपण मदत करतो ती केवळ आपल्याला होणारा त्रास थांबवायला करत असू, तर उठून जाण्याची सोय मिळाल्यावर कुणीही निघूनच जाईल. ती तरुणी आपल्यापेक्षा वेगळ्या विचारांची आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात तसंच झालं: निघून जाता येत असताना मदतीला तयार झालेल्या फक्त १८ टक्के. पण ती आपल्यासारख्याच विचारांची आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातल्या ९१ टक्के विद्यार्थिनी दार उघडं असतानाही झटके स्वतःवर घ्यायला तयार झाल्या. गट लहान होते, सगळ्या मिळून ४४ विद्यार्थिनी. या विषयावरचा वाद पुढेही बरीच वर्षं चालला. पण ‘निःस्वार्थ असं काही नसतं’ हे इतक्या सहज म्हणून टाकण्यासारखं नाही, एवढं तर यातून दिसतंच.

आणि स्वार्थ व परोपकार अशी दोन वेगळी खाती असतात, हेच मुळात मला पटत नाही. १९३५ सालची गोष्ट आहे. बिल विल्सन नावाचा शेअर दलाल कामासाठी अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात आला होता. काही महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली होती. ठरवलेला व्यवहार फिसकटला आणि हॉटेलातल्या बारकडे त्याचे पाय ओढू लागले. त्याने काय केलं? फोन लावत सुटला, शहरातला दुसरा एखादा दारूडा गाठून द्या म्हणून. त्यातून त्याची गाठ दारूच्या आहारी गेलेल्या डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली, आणि दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. विल्सन स्वतःला वाचवायला गेला होता की दुसऱ्याला? दोन्ही एकाच फोनमध्ये होतं. १९६५ मध्ये फ्रँक रिसमन या अभ्यासकाने याच गोष्टीला सिद्धांताचं रूप दिलं: मदत करणाऱ्यालाही मदत करण्याने बरं होता येतं. ते बरं होणं लबाडी कशी ठरेल?

आणखी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ मध्ये शाळा संपवलेल्या हजारो लोकांची माहिती संशोधक दशकानुदशकं गोळा करत आले आहेत. सारा कॉनरॅथ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्यातून पाहिलं की, इतरांच्या भल्यासाठी स्वयंसेवा करतो असं सांगणाऱ्यांमध्ये पुढच्या चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण स्वयंसेवा न करणाऱ्यांपेक्षा कमी होतं. स्वतःला काही मिळावं म्हणून करणाऱ्यांमध्ये ते स्वयंसेवा न करणाऱ्यांएवढंच होतं. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, तेव्हा ‘सेवा करा आणि आयुष्य वाढवा’ असं त्यातून काढू नये. पण सगळ्यांची कारणं शेवटी एकच असती, तर त्या दोन गटांत फरक दिसायला नको होता.

‘प्रमाणपत्र आणि फोटो, दुसरं काय.’

प्रमाणपत्रासाठी लोक येतात. माझ्याकडे दरवर्षी येतात. यात लपवण्यासारखं काही नाही.

गिल क्लॅरी, मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वयंसेवकांच्या हेतूंची एक प्रश्नावली मांडली. तीस विधानं, सहा हेतू: आपली मूल्यं जगणं, काही नवं शिकणं, आपल्या माणसांबरोबर असणं, नोकरी-व्यवसायाला उपयोग होणं, मनातल्या एकटेपणापासून किंवा अपराधी भावनेपासून सुटका मिळणं, आणि स्वतःविषयी चांगलं वाटणं. एकाच माणसाला यांतली तीन-चार कारणं एकदम लागू होतात, हे मला रोज दिसतं. मजकूर त्यातलं एक उचलतो आणि तेवढंच खरं आहे म्हणतो.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. कॉलेजला तीस तास भरून हवे होते, बाकी कशात त्याला रस नव्हता. पहिल्याच दिवशी ‘ताई, सही कोण करतं?’ हे विचारून घेतलं. मी त्याला विज्ञानाचं पुस्तक वाचून दाखवायला बसवलं. दुसऱ्या आठवड्यात तो डोळ्याच्या आकृतीपाशी अडकला. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलीला डोळ्याची आकृती शब्दांत सांगायची कशी? नेत्रभिंग कुठे, दृष्टिपटल कुठे, प्रकाश वाकतो म्हणजे काय होतं? त्या दिवशी तो वेळ संपल्यावर तासभर थांबला. पुढच्या खेपेला पुठ्ठा, सुतळी आणि एक लिंबाएवढा चेंडू घेऊन आला आणि तिच्या बोटांना आकृती दाखवली. त्याचे तीस तास भरले तेव्हा पुस्तकाचे चार धडे बाकी होते. ते त्याने पूर्ण केले. मग नोकरी लागली आणि तो गेला, पुन्हा आला नाही. तो संत झाला असं मी म्हणत नाही. पण त्या चार धड्यांचं प्रमाणपत्र कुणी त्याला दिलं नव्हतं.

आला एका कारणाने आणि राहिला दुसऱ्याच कारणाने, असं माझ्या वहीतल्या निम्म्या लोकांविषयी सांगता येईल. ॲलन ओमोटो आणि मार्क स्नायडर यांनी १९९५ मध्ये एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांचा अडीच वर्षं माग ठेवून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला काही शिकायचं आहे, आपण माणूस म्हणून वाढावं, अशा ‘स्वतःच्या’ कारणांनी आलेले लोक तिथे जास्त काळ टिकले. मला हे वाचून आधी आश्चर्य वाटलं, मग नोंदवही आठवली. केवळ दयेने आलेला माणूस पहिल्या कडू अनुभवाने मोडतो. आजी त्याच्यावर खेकसल्या की त्याला वाटतं, मी एवढं करतो आणि यांना किंमत नाही. ज्याला त्या कामातच काहीतरी गवसलेलं असतं, तो आजींचं खेकसणं सोसून पुढच्या आठवड्यातही येतो. तेव्हा स्वतःसाठी काही मिळणं ही कामातली भेसळ आहे, हे मजकुराचं गृहीतकच मला चुकीचं वाटतं.

फोटोंविषयी. आमचे हिशेब लिहिणाऱ्या बाई सहा वर्षं दर महिन्याला एक रविवार देतात. त्यांनी ज्यांच्यासाठी काम चालतं त्यातल्या एकाही विद्यार्थ्याला अजून पाहिलेलं नाही. पावत्यांच्या ढिगाशेजारी बसलेल्या माणसाचा फोटो कुणी काढत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवेविषयीच्या २०२२ च्या अहवालात जगभरचा अंदाज दिला आहे: दर महिन्याला सुमारे ८६ कोटी लोक काही ना काही स्वयंसेवा करतात. पण पंधरा वर्षांवरच्या लोकसंख्येत संस्थेमार्फत करणारे ६.५ टक्के, आणि कुठल्याही संस्थेविना, आपणहून शेजारपाजारच्यांना थेट मदत करणारे १४.३ टक्के. म्हणजे जिथे ना सही, ना शिक्का, ना फलक, तिथे दुपटीहून अधिक माणसं आहेत.

एका गोष्टीत मात्र मजकुराशी माझं भांडण नाही. अनाथ मुलांच्या घरी दोन तासांसाठी जायचं, मुलांना कडेवर घेऊन फोटो काढायचे आणि परत कधी फिरकायचं नाही, याने मुलांचं नुकसान होतं. रोज नव्या माणसाला लळा लावायचा आणि रोज तो तुटायचा. अशा भेटींना संस्थांनी नाही म्हणायला शिकलं पाहिजे. आम्ही म्हणतो.

‘वेळ जात नाही म्हणून जातात.’

याला फार शब्द लागणार नाहीत. अमेरिकेच्या श्रमखात्याच्या सांख्यिकी विभागाने २०१५ सालापर्यंत दरवर्षी याची पाहणी केली. त्या शेवटच्या वर्षी स्वयंसेवेचं प्रमाण अर्धवेळ नोकरी करणाऱ्यांत ३१.१ टक्के, पूर्णवेळ नोकरी करणाऱ्यांत २६.३, बेरोजगारांत २३.३, आणि नोकरी करत नसलेल्या व शोधतही नसलेल्यांत २१.४ टक्के होतं. घरात अठरा वर्षांखालची मुलं असलेले आईबाप ३१.३ टक्के, इतर २२.६. वयोगटांत सगळ्यांत पुढे ३५ ते ४४, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर नोकरी, मुलं आणि म्हातारे आईबाप असं सगळं एकदम असतं तेच. ही आकडेवारी एका देशाची आहे. पण माझा अनुभवही हाच. मोकळा वेळ भरपूर आहे असं सांगणारा माणूस मला पाळीसाठी मिळेलच याची खात्री नसते. ज्याला वेळ नाही, तो मात्र साडेसातची वेळ दिली की सात पंचविसाला दारात असतो.

‘फुकटच्या कामाला दर्जा नसतो.’

चिलीमध्ये आग लागली की धावून जाणारे अग्निशामक जवान पगारी नसतात. १८५१ मध्ये व्हालपाराइसो शहरात पहिली तुकडी उभी राहिली, आणि आजही त्या देशाची अग्निशमन व्यवस्था स्वयंसेवकांवर चालते. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर वादळात बुडणाऱ्यांना वाचवणारी संस्था १८२४ पासून आहे, तिच्या बोटींवरचे बहुतेक लोकही स्वयंसेवक. हाकेसरशी हातातलं काम टाकून समुद्रात जाणाऱ्या माणसाला दर्जाविषयी कुणी काय सांगावं? या लोकांना प्रशिक्षण असतं, शिस्त असते, चूक झाली तर जाब असतो. दर्जा त्यातून येतो. जिथे स्वयंसेवकाला काही न शिकवता ‘आलात ना, बरं झालं, तिकडे बसा’ म्हणतात, तिथे काम ढिलं होतं, आणि तो दोष फुकटपणाचा नसतो.

आमच्या लेखनिकांचंच घ्या. दुरून वाटतं, त्यात काय, मुलाने सांगायचं आणि आपण लिहायचं. प्रत्यक्षात मुलाने चुकीचं उत्तर सांगितलं आणि तुम्हाला बरोबर उत्तर माहीत आहे, तरी चुकीचंच लिहायचं असतं. चेहरा दिसत नसला तरी तुमचा श्वास त्याला ऐकू येतो, तेव्हा सुस्कारासुद्धा सोडायचा नसतो. त्याने ‘खोडा’ म्हटलं तर खोडायचं, प्रश्न तिसऱ्यांदा वाचा म्हटलं तर त्याच सुरात तिसऱ्यांदा वाचायचा. परीक्षेआधी आम्ही दोन सराव घेतो, आणि ज्याला गप्प राहणं जमत नाही त्याला दुसरं काम देतो. तीन तास स्वतःला बाजूला ठेवायची ही कसरत करायला पैसे मिळत नाहीत म्हणून कुणी ती अर्धवट केलेली मी पाहिलेली नाही.

आणि कधी कधी बिनपगारी, बिनपदवीचा माणूसच हवा असतो. चॅड व्हाराह नावाच्या धर्मगुरूंनी १९५३ मध्ये लंडनमध्ये आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्या लोकांसाठी एक फोन सुरू केला. सल्ला ते स्वतः देणार होते. भेटायला आलेल्यांची रांग लागू लागली, तेव्हा मदतीला आलेले साधे लोक त्यांना बसवायचे, काहीतरी गरम प्यायला द्यायचे, बोलत राहायचे. व्हाराह यांच्या लक्षात आलं की यातल्या कित्येकांना आपल्यापर्यंत यायची गरजच उरत नाही. ऐकून घेणारं माणूस त्यांना बाहेरच भेटलेलं असतं. पुढच्याच वर्षी त्यांनी फोन त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपवला. ‘समॅरिटन्स’ ही संस्था आजही तशीच चालते.

‘पैसे द्या, मग बघा कसे येतात.’

उरी नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलं घरोघरी जाऊन धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करणार होती. एका गटाला नुसतं कामाचं महत्त्व सांगितलं. दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या एक टक्का बक्षीस देऊ म्हटलं, तिसऱ्याला दहा टक्के (हे पैसे वर्गणीतून जाणार नव्हते). सगळ्यांत जास्त वर्गणी बिनबक्षिसाच्या गटाने जमवली. त्याखाली दहा टक्केवाले, आणि एक टक्केवाले तळाला.

हे कसं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका वर्षी आमच्याकडे थोडे पैसे होते, म्हणून लेखनिकांना प्रत्येक पेपरमागे छोटं मानधन द्यायचं ठरवलं. हेतू चांगला होता. पण तोवर जे लोक ‘मी त्या मुलाचा लेखनिक’ म्हणत होते, ते ‘तीन तासांचे एवढेच?’ म्हणू लागले. मोजमाप सुरू झालं की माणूस स्वतःचा तास बाजारभावाने मोजतो, आणि आमचं मानधन त्या भावाच्या आसपासही नव्हतं. दोन जुन्या लेखनिकांनी पाकीट परत केलं आणि पुढच्या परीक्षेला येऊ शकणार नाही म्हणून कळवलं. आम्ही मानधन बंद केलं. प्रवासखर्च मात्र देतो, आणि आग्रहाने देतो. सेवा करणाऱ्याला पदरमोड करावी लागू नये. नाहीतर ज्याच्या खिशात आहे तोच स्वयंसेवक होऊ शकेल.

रक्तदानावर या प्रश्नाचा सगळ्यांत जास्त अभ्यास झाला आहे. रक्त विकत घेण्याने दानाची भावना मरते, असं ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये मांडलं. २००८ मध्ये स्वीडनच्या गॉथेनबर्गमध्ये कार्ल मेल्स्ट्रॉम आणि मॅग्नस योहानेसन यांनी ते पडताळलं. रक्तदाता होण्याआधीची आरोग्य तपासणी करून घ्यायला ५२ टक्के स्त्रिया तयार होत्या. थोडे पैसे देऊ केले तेव्हा प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. तेच पैसे हवे तर धर्मादाय कामाला द्या, अशी मुभा दिली तेव्हा पुन्हा ५३. पुरुषांमध्ये लक्षात घ्यावा असा फरक दिसला नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. निकोला लासेतेरा, मारिओ मासिस आणि रॉबर्ट स्लोनिम यांनी २०१३ मध्ये प्रत्यक्ष रक्तदान शिबिरांचे अभ्यास तपासले, तेव्हा १९ प्रकारच्या भेटी-बक्षिसांपैकी १८ मुळे रक्तदान वाढलेलं दिसलं. तेव्हा मोबदला दिसला की माणूस पळतो, असा नियम मी सांगत नाही. एका वेळच्या कामाला छोटी भेट चालते, उत्साहही वाढवते. पण ‘पैसे द्या म्हणजे सगळे येतील’ हाही नियम नाही, आणि मजकूर तो नियम असल्यासारखा बोलतो.

‘विद्यार्थ्यांना सक्ती करा.’

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताने १९९९ पासून शालान्त प्रमाणपत्रासाठी ४० तासांची समाजसेवा बंधनकारक केली. पुढे अभ्यासक्रम एका वर्षाने कमी झाल्याने २००३ मध्ये दोन तुकड्या एकदम बाहेर पडल्या. एकीला सक्ती होती, दुसरीला नव्हती. अशी तुलना करायची संधी क्वचितच मिळते. संशोधकांना दोन तुकड्यांच्या पुढच्या सामाजिक सहभागात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. फरक पडत होता तो, मिळालेला अनुभव चांगला होता की नाही याने. आर्थर स्टुकस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: जी मुलं एरवी आपणहून गेली नसती, त्यांची पुढे असं काम करण्याची इच्छा सक्तीमुळे आणखी मंदावते. म्हणजे ज्यांच्यासाठी सक्ती करायची, त्यांनाच ती दूर लोटते. आणि २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेत स्वयंसेवी कामाची जी व्याख्या ठरली, तिच्यात बिनमोबदला आणि बिनसक्ती या दोन्ही अटी आहेत. सक्तीने करून घेतलेल्या कामाला दुसरं काहीतरी नाव द्यावं लागेल. पुठ्ठ्याचा डोळा करणारा तो मुलगा सक्तीनेच आला होता, हे मला आठवतं. पण त्याच्याबरोबर त्या वर्षी आलेले बाकीचे अकरा जण तासांची सही घेऊन गेले, आणि त्यातल्या एकाचाही चेहरा मला आठवत नाही.

‘वेळेऐवजी पैसे द्या.’

संकटाच्या ठिकाणी जुने कपडे पाठवण्यापेक्षा पैसे पाठवणं शहाणपणाचं आहे, हे खरंच. पैशाने यंत्र येतं, औषध येतं, आमच्या कार्यालयाचं वीजबिल भरलं जातं. पण यात एक गृहीत धरलंय की वेळ देणारा पैसे देत नाही. अमेरिकेतल्या पाहण्यांत स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये देणगी देणाऱ्यांचं प्रमाण न करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळतं. हात लावलेल्या कामासाठीच खिसाही उघडतो. शिवाय डोळ्यांच्या तपासणीनंतर, बाहुल्या मोठ्या झालेल्या अवस्थेत, जिन्याच्या पायऱ्या उतरणाऱ्या काकांना तेव्हा देणगीची पावती नको असते, कोपराशी धरायला हात हवा असतो.

एवढे मुद्दे मांडून मजकुराने एक साधा प्रश्न विचारलाच नाही: ही माणसं पहिल्यांदा आली कशी? वर सांगितलेल्या अमेरिकी पाहणीत साधारण पाचातल्या दोघांनी सांगितलं, कुणीतरी विचारलं म्हणून. आमच्याकडे त्याहून जास्त. अर्जात ‘का यावंसं वाटलं?’ अशी एक ओळ आहे. बहुतेकजण ‘समाजासाठी काहीतरी करायचं होतं’ असं लिहितात, कारण तिथे असंच लिहायचं असतं असं त्यांना वाटतं. सहा महिन्यांनी गप्पांत विचारलं की उत्तर वेगळं येतं. ‘शेजारच्या वहिनी म्हणाल्या, चल माझ्याबरोबर.’ ‘तुम्ही फोन केलात, नाही म्हणता आलं नाही.’ आणि अजूनही का येता, असं विचारलं तर कुणीच समाजाचं नाव घेत नाही. ‘सोमवारी त्याचा भूगोलाचा पेपर आहे.’ ‘आजी खिडकीशी येऊन बसतात, उशीर झाला की बघत राहतात.’ हा स्वार्थ की परमार्थ, हे त्यांना विचारलं तर ते माझ्याकडे नुसते बघत राहतील.

म्हणून न येणाऱ्या माणसाविषयी ‘याला समाजाचं काही पडलेलं नाही’ असंही मी म्हणत नाही. पुष्कळदा त्याला कुणी विचारलेलंच नसतं, किंवा विचारलं ते अशा तऱ्हेने की नेमकं काय करायचं, किती वेळ, कुणासाठी, हे कळूच नये. ‘कधीतरी या आमच्याकडे’ याला कुणी येत नाही.

हा मजकूर मला पाठवणाऱ्यांमध्ये माझे एक जुने परिचित आहेत, निवृत्त शिक्षक. अक्षर मोत्यासारखं. नऊ वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलेलं नाही. पुढच्या गुरुवारी इतिहासाच्या पेपरला एक लेखनिक कमी पडतो आहे, सकाळी अकरा ते दुपारी दोन. आज संध्याकाळी त्यांना फोन करते आहे.